घुगरे अण्णांचा शेवटचा फर्मा

विषय: पेठेतील वाचनालयाच्या दारात काचेच्या चौकटीत लावलेली, कै. शिवाप्पा इराप्पा घुगरे यांच्या नावाची सूचना काढून टाकण्याबाबत.

अर्जदार: महादेव ज्ञानू लोहार, धंदा अर्ज लिहिणे, शिक्षण सातवी उत्तीर्ण, बैठक कचेरीच्या फाटकाबाहेर चिंचेखाली, कोल्हापूर.

ज्यांच्यासाठी अर्ज: उपरोक्त शिवाप्पा घुगरे ऊर्फ अण्णा, धंदा टंकलेखन, बैठक अर्जदाराच्या उजव्या हाताला. आता हयात नाहीत.

सामनेवाले क्रमांक एक: श्री. देसाई सर, निवृत्त मुख्याध्यापक, सदर वाचनालयाचे कार्यवाह.

सामनेवाले क्रमांक दोन: महादेव ज्ञानू लोहार, वर लिहिल्याप्रमाणे.

साक्षीदार: हौसाक्का, राहणार उचगाव, चहाचा गाडा, फाटकासमोर. रियाज बागवान, वकिलांचे कारकून.

घटनेचा दिवस: दिवाळीनंतरचा दुसरा गुरुवार. साल लिहीत नाही. ते सूचनेवर आहे आणि पेठेने वाचले आहे.

अर्जदार आणि सामनेवाला एकच असलेला अर्ज मी आयुष्यात प्रथमच लिहीत आहे. शेजारच्याची भिंत, भावाचा बांध, सुनेचा जाच, गटाराचे पाणी, सगळ्यांवर लिहिले. या जिल्ह्यात माझ्या हातचा मजकूर न गेलेले टेबल सापडणार नाही, असे मी अभिमानाने सांगू शकतो. परंतु प्रस्तुत प्रकरणात माणूस उभा केल्याशिवाय तक्रार उभी राहत नाही. सबब आधी माणूस.

अण्णा उंचीने कमी, अंगाने सडपातळ, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात पांढरा सदरा. उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर टंकयंत्राच्या फितीची शाई कायमची बसलेली. गाव गडहिंग्लजच्याही पलीकडे, हद्दीवर. घरात कानडी, धंद्यात मराठी. त्यांचे वडील तिकडे पुस्तकबांधणीचे काम करीत. सुई, दोरा आणि खळ यांच्या संगतीत वाढल्यामुळे कागदाला हात लावण्याची त्यांची एक रीत होती. थुंकी लावून पान उलटणाऱ्या माणसाचा त्यांना मनापासून राग येई. एकदा एका पक्षकाराने स्वतःच्याच खटल्याचे कागद तसे उलटले, तर अण्णांनी टंकयंत्रावरचे हात उचलले आणि म्हणाले, "पावणं, कागद जिभंनं उघडायचं नसतंय. तुमचं आमचं काय वैर हाय काय त्येच्याशी?"

स्वतःपेक्षा लहान सर्वांना ते 'तम्मा' म्हणत. कानडीत धाकट्या भावाला तसे म्हणतात. मीही तम्मा, रियाजही तम्मा, शिपाई, पोलीस, चाळिशीचा वकील, सारे तम्माच.

कामातून उसंत मिळाली की ते वाचत. लाकडी फूटपट्टी ओळीखाली धरून, ओठ न हलवता. पुस्तकाला खाकी कागदाचे कव्हर. त्यावर नाव नाही, लेखक नाही. मी विचारले तर म्हणाले, "नाव कळलं की माणूस वाचायचं थांबतोय आणि मत सांगाय लागतोय. आधी वाच, मग नाव बघ."

माझी आणि त्यांची गाठ मात्र पुस्तकावरून पडली नाही. मी अर्ज सांगायचा आणि त्यांनी टंकायचा, अशी आमची जोडी होती. एकदा शाहूवाडीकडच्या एका म्हातारीचा अर्ज मी सांगत होतो. 'सदर अर्जदार अत्यंत व्यथित व उद्विग्न अंतःकरणाने' इथपर्यंत आलो आणि यंत्र थांबले.

"तम्मा, ह्ये म्हातारी बोलत्या का तू बोलतोयस?"

"मीच बोलतोय. म्हातारीला बोलता आलं असतं तर माझ्याकडं आली असती का?"

"तिला इचारलंस? इचार की."

म्हातारीला विचारले. ती म्हणाली, "माझ्या भाताच्या खाचरात त्यो पाणी येऊ देईना. दोन वर्सं झाली, मी त्येच्या दारावरनं जाती तवा त्यो खोकतोय." अण्णांनी हे जसेच्या तसे टंकले, खोकण्यासह. मला तो माझ्या धंद्याचा अपमान वाटला. दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. साहेबांनी मात्र त्या अर्जावर जातीने चौकशी लावली. हे मी कुणाला सांगितलेले नाही, येथे प्रथमच सांगतो.

तिसऱ्या दिवशी अण्णांनी माझ्या फळीवर खाकी कव्हरातली सोळा पाने ठेवली.

फर्मा म्हणजे काय हे इथे लिहिणे आवश्यक आहे. छापखान्यात सोळा पानांचा एकेक गठ्ठा घडी घालून शिवतात, त्याला फर्मा म्हणतात. असे वीस-तीस फर्मे एकत्र शिवले की पुस्तक होते. अण्णा रविवारच्या बाजारातून स्वतःसाठी जुनी, पाठ मोडलेली पुस्तके आणीत, पात्याने शिवण उसवीत आणि फर्मे सुटे करीत. प्रत्येक फर्म्याला खाकी कव्हर, कडेला भोक आणि त्यात आपल्या फायलीला असतो तसला लाल दोरा. मागच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने बारीक क्रमांक. मग फर्मे फिरत. पहिला मी, माझ्यानंतर रियाज, रियाज दुपारी हौसाक्काला वाचून दाखवी कारण ती चौथीतच शाळेतून निघालेली, आणि सर्वांत शेवटी अण्णा. पुढचा फर्मा हवा असेल तर मागच्यावर बोलायचे, ही अट. पुस्तक पुरे झाले की अण्णा ते पुन्हा शिवीत, पाठीला कापड लावीत आणि ते मूळच्यापेक्षा मजबूत होई. एका पुस्तकात चार माणसे एकाच वेळी राहत.

"स्वतः शेवटी का वाचता?" मी विचारले होते.

"मला घाई न्हाय. आणि तुमची भांडणं ऐकून वाचलं की मज्जा येत्या."

दुपारी दीड वाजता हौसाक्काच्या गाड्यामागे आमची बैठक बसे. अण्णांची ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, माझी चपाती, रियाजचा अंडा-रस्सा थोडा लांब ठेवलेला. एका कादंबरीतली बाई नवऱ्याचे घर सोडून निघून गेली त्या दिवशीची बैठक मला पाठ आहे.

"गेली ते लई बरं केलं," हौसाक्का किटली आपटत म्हणाली.

"अगं पण पोरं टाकून?" रियाज.

"पोरं काय एकटीची हुती व्हय? त्यो बाप काय पोस्टानं आलता?"

रियाज म्हणाला, "आमच्या वकीलसायबांच्याकडं असली केस आली तर बाईच हरणार."

"म्हणून तर ती वकिलाकडं गेली न्हाय, पुस्तकात गेली!"

अर्ज लिहून घ्यायला आलेला कबनूरचा एक यंत्रमागवाला ताटकळत उभा होता. तोही मध्ये पडला, "पर मला सांगा, ती गेली कुठं? भैनीकडं का?" अण्णा खुशीत आले. म्हणाले, "ते पुढल्या फर्म्यात हाय. उद्या या." तो माणूस दुसऱ्या दिवशी खरोखर आला. काम काही नव्हते, बाई कुठे गेली ते विचारायला आला होता.

आता वाचनालय. तिथे दर गुरुवारी संध्याकाळी 'सध्या काय वाचतो' अशी सभा भरे. देसाई सरांनी ती सुरू केली, याचे श्रेय मी त्यांच्याकडून काढून घेत नाही. डॉक्टर, निवृत्त प्राध्यापक, दोन-तीन शिकलेल्या बायका येत आणि आपण सध्या काय वाचतो ते सांगत. सांगत ते बहुधा वाचून संपलेले, किंवा रविवारच्या पुरवणीत ज्यावर छापून आलेले असे. देसाई सर स्वतः सहा महिने एकाच जाड ग्रंथाबद्दल बोलत होते. तो त्यांच्यापुढे टेबलावर असे. त्यातली खुणेची रेशमी फीत सहा महिने एकाच जागी होती. ते अण्णांनी पाहिले होते, मीही पाहिले होते. अण्णा त्याबद्दल कधी अवाक्षर बोलले नाहीत. त्यांच्या या सभ्यतेचा मला तेव्हा राग येई, आजही येतो.

अण्णा आणि मी प्रथम गेलो त्या गुरुवारी सरांनी अण्णांना उभे केले. "बोला घुगरे. आपण सध्या काय वाचता?"

"मी बत्तिसाव्या पानावर हाय. त्येच्या पुढचं मला ठाऊक न्हाय."

सभा हसली. सरही हसले. "मग बत्तिसाव्या पानावर काय आहे?"

त्या पानावर एक माणूस मयतीवरून येऊन हात धूत होता, एवढेच होते. अण्णा त्यावर दहा मिनिटे बोलले. तो पाणी किती घेतो, साबण का घेत नाही, धुऊन झाल्यावर हात धोतराला पुसतो की हवेत धरतो, आणि हात कसे पुसले ते लेखकाने का सांगितले नाही. शेवटी अण्णा म्हणाले, "पुस्तक संपल्यावर भाषण करता येतंय. बोलायचं असंल तर अर्ध्यात असतानाच बोलावं, तवा आपणबी घाबरलेलं असतोय," आणि खाली बसले. पुढच्या गुरुवारी वीस खुर्च्या कमी पडल्या. त्याच्या पुढच्या गुरुवारी सरांनी वेळेची मर्यादा घातली, प्रत्येकी तीन मिनिटे.

भिंतीकडेची शेवटून दुसरी खुर्ची अण्णांची झाली. आठवडाभर ते त्या खुर्चीसाठी जगत, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. बायको जाऊन बरीच वर्षे झालेली, मुलगी लग्न होऊन हद्दीपलीकडे. दुसरीकडे संगणक आले, टंकलेखन घटले. माणसे त्यांच्या यंत्राचे मोबाईलवर फोटो काढीत आणि काम मात्र समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात नेत. अण्णा म्हणत, "असू दे. वाचाय येळ मिळतोय."

प्रकरणाच्या मूळ मुद्द्याकडे येतो.

वाचनालयात एक जुनी कादंबरी होती, साडेचारशेच्यावर पाने. बाजारात मिळत नव्हती, गावात दुसरी प्रत नव्हती. दोन भावांची गोष्ट. एक विहीर दोघांच्या सामाईकीत, तीस वर्षे एकमेकांशी बोलणे बंद. अण्णांनी ती आणली तेव्हा तिची पाठ मोडलेलीच होती, शिवण लोंबत होती. "बांधून देऊ का?" असे त्यांनी घेतानाच सरांना विचारले होते. "बघा काय ते," असे सर म्हणाले होते. मी शेजारी होतो. शपथेवर सांगण्यास तयार आहे.

तरीही अण्णा ती उसवायला तयार नव्हते.

"इल्ला तम्मा, न्हाय. पुस्तक दुसऱ्याचं हाय."

"अहो, शिवण सुटलेलीच आहे. बांधणारच आहात तुम्ही. बांधायच्या आधी आम्ही वाचलं तर काय बिघडलं? पंधरा दिवसांत चौघांचं व्हायचं कसं?"

तीन दिवस मी हेच चालवले. अर्ज लिहिणाऱ्याला माणसाला पटवता येते. चौथ्या दिवशी त्यांनी पाते काढले. उसवताना हात इतका हळू चालत होता की हौसाक्का म्हणाली, "अण्णा, कुणाचं टाकं काढाय लागलाय का काय?"

ती कादंबरी आम्हांला खाऊन गेली. विहिरीतला गाळ काढायला थोरला भाऊ आत उतरतो आणि वर दोर धरायला धाकट्याशिवाय कुणी नसते. धाकट्याच्या हातात दोर, इथे शेवटून दुसरा फर्मा संपला. बैठकीत त्या दुपारी चहा थंड झाला.

"सोडतोय त्यो," रियाज म्हणाला. "तीस वर्षं वाट बघतोय."

"सोडाय लागल्यावर हाताला कळतंय व्हय?" हौसाक्का म्हणाली. "दोर धरला की माणूस धरतंय, सोडत न्हाय."

अण्णा दोघांकडे आळीपाळीने बघत होते. त्यांनी शेवटचा फर्मा माझ्या फळीवर ठेवला. "तम्मा, लौकर वाच. मला आता धीर निघंना."

मी त्याच रात्री तो वाचला आणि सकाळी परत आणून फळीवर ठेवला.

त्या दिवशी कचेरीत कसल्याशा योजनेच्या अर्जांची शेवटची तारीख होती. फाटकाबाहेर जत्रा. मी सकाळपासून पंचवीसहून अधिक अर्ज बांधले. आता माझ्या कामाची पद्धत सांगतो. अण्णांचे पाहून मीही माझ्या जोडपत्रांना खाकी कव्हर घालू लागलो होतो, कडेला भोक, लाल दोरा, सगळे त्यांच्यासारखे. पक्षकारावर त्याची छाप पडे. एका बाईच्या जागेच्या अर्जाला सात जोडपत्रे होती, सातवे मोजणीचा नकाशा. मी सात कव्हरे मोजली, दोरा ओवला, गाठ मारली, तिला रांगेत पाठवले. संध्याकाळी फळी आवरताना खाकी कव्हरात नकाशा तसाच हाती आला.

कादंबरीचा शेवटचा फर्मा जोडपत्र सात म्हणून सरकारात दाखल झाला होता. आवक शिक्क्यासह.

परत घेता आला असता. दुसऱ्या दिवशी सकाळी एक ओळ लिहून द्यायची होती: 'माझ्या हातून चुकीने कादंबरीची सोळा पाने जोडली गेली आहेत, ती परत मिळावीत.' खाली माझी सही. परंतु त्या फाटकावर माझी प्रतिष्ठा अशी होती की लोहाराचा कागद त्रुटीसाठी परत येत नाही. ही ओळ आत गेली असती तर संध्याकाळपर्यंत शिपाईसुद्धा मला 'जोडपत्र सात' म्हणून हाक मारू लागला असता. मी दुसऱ्या दिवशी नकाशा 'पूरक जोडपत्र' म्हणून दाखल केला, आणि सोळा पानांबद्दल गप्प बसलो.

दुपारी अण्णांनी विचारले, "झाला काय रे वाचून?"

"कुठला?"

"शेवटचा."

"शेवटचा तुम्ही मला दिलाच नाही, अण्णा."

हे वाक्य मी जसेच्या तसे लिहिले आहे. त्यात 'अण्णा' हा शब्दही होता.

ते हसले. मग हसणे थांबले. त्यांनी टंकयंत्राचे झाकण काढून आत पाहिले, पिशवी उलटी केली, घरी जाऊन आले. दुसऱ्या दिवशीही शोधले. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर बसले आणि अगदी हळू म्हणाले, "तम्मा, मी तुझ्या फळीवर ठेवल्यासारखं वाटतंय. पर तू न्हाय म्हणतोयस म्हंजे न्हाय. माझंच काय तरी बिघडलंय."

तेव्हापासून ते सगळे लिहून ठेवू लागले. किल्ली कुठे ठेवली, औषध घेतले की नाही, कोणाचा कागद कोणाला दिला. सदऱ्याच्या खिशात चिठ्ठ्या. टंकताना ओळ दोनदा तपासत, मग तीनदा. ज्या माणसाने तीस वर्षांत एक अक्षर चुकवले नव्हते तो दर कागदागणिक मला विचारू लागला, "ह्ये मी आत्ताच टंकलं न्हवं?" मी "व्हय" म्हणत असे. तेवढ्याच बाबतीत मी खरे बोलत होतो.

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या गुरुवारी अण्णांनी पुस्तक परत नेले. असे बांधलेले पुस्तक त्या वाचनालयात दुसरे नाही. पाठीला निळे कापड, कोपरे जाड, आणि शेवटी सोळा कोरी पाने शिवलेली. त्यातल्या पहिल्या कोऱ्या पानावर त्यांनी टंकून चिकटवले होते: 'येथील सोळा पाने माझ्याकडून हरवली. सापडल्यास येथे लावावीत. जागा ठेवली आहे. शि. इ. घुगरे.'

कोणी विचारले नसते, वर्षभर कुणाला कळलेही नसते. पण त्यांनी ते पान उघडून सरांपुढे धरले.

देसाई सरांनी पुस्तक भर सभेत उंच केले. "मित्रहो, ज्यांनी आपल्याला वाचायचं कसं ते शिकवलं, त्यांनी ग्रंथ फाडला आहे."

"फाडला न्हाय, सर. उसवला. तुमाला इचारलं हुतं मी."

"मला? केव्हा? कोणासमोर?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिले. आरोप करणाऱ्याची ती नजर नव्हती. आठवत नसलेला माणूस दुसऱ्याकडे बघतो तसे बघितले, की तुला आठवत असेल तर सांग. मी तेव्हा उभा राहून 'मी शेजारी होतो' एवढे म्हणू शकलो असतो. पण एक गोष्ट कबूल केली की दुसरीपर्यंत रस्ता जातो, हे मला धंद्यामुळे ठाऊक होते. मी पायातली चप्पल सारखी केली.

"मग माझंच चुकलं असंल," अण्णा म्हणाले. ते उठले, आणि उठताना आपली खुर्ची भिंतीला लावून सरळ केली.

आठवड्याच्या आत काचेच्या चौकटीत सूचना लागली: 'वाचनालयाच्या पुस्तकाची नासधूस केल्याबद्दल श्री. शि. इ. घुगरे यांचे सभासदत्व कायमचे रद्द.' सूचना सुबक टंकलेली होती. पेठेत टंकयंत्र एकट्या अण्णांकडे राहिले होते. सरांनी मजकूर शिपायाच्या हाती त्यांच्याकडेच पाठवला होता, आणि अण्णांनी तो टंकून दिला. 'नासधूस' शब्दाशी ते थोडे थांबले. मी त्यांच्या डाव्या हाताला बसून ऐकत होतो. यंत्राचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

हौसाक्काला संशय आला तो माझ्याच तोंडामुळे. एक दिवस रियाज पुन्हा त्या विहिरीवर बोलत होता, धाकट्याने दोर सोडला असेल की नाही यावर. मी बोलून गेलो, "पण त्याची बायको कंदील घेऊन येते की तेवढ्यात."

रियाज हसला. "आता तुमीच पुस्तक लिवा, लोहारमामा!"

हौसाक्का हसली नाही. कप विसळता विसळता थांबली. "कंदील कुठनं आला रं? तीस फर्म्यात कंदील न्हाय."

"सहज म्हणालो."

अण्णा भाकरी खात होते. त्यांनी मान वर केली नाही. त्या दिवसापासून हौसाक्का मला चहा देते, पण कप हातात देत नाही, फळीवर ठेवते.

सुमारे वर्षाने मी दुसऱ्या कामासाठी नोंद शाखेत गेलो. तिथल्या नव्या कारकून बाईंनी मला थांबवले. "लोहार, एका अर्जाला तुम्ही गोष्ट जोडलीय. माहीत आहे का तुम्हाला?"

"कसली गोष्ट?"

"दोन भाऊ, विहीर. मी जेवणाच्या सुट्टीत वाचली. दोनदा. आमच्या साहेबांनीपण वाचली. शेवट लई भारी हाय. पर आधीचं कुठं मिळंल? एवढं एक सांगा." आणि मग, अगदी सहज, "एक ओळ लिहून द्या. आत्ता काढून देते."

त्यांनी कोरा कागद पुढे केला, पेनही दिले. मी "बघून सांगतो" म्हणालो आणि बाहेर आलो. अण्णा तेव्हा हयात होते. फाटकाबाहेर, पंचवीस पावलांवर, यंत्रापाशी बसलेले होते.

त्यांचे शेवटचे दर्शन त्यांच्या खोलीवर झाले. गणपतीनंतरचे दिवस, दुपारची वेळ. दम वाढला होता, मुलगी हद्दीपलीकडून येऊन राहिली होती. ती आत कानडीत फोनवर बोलत होती. अण्णा पलंगावर उशीला टेकून बसले होते. गुडघ्यावर फूटपट्टी होती, पुस्तक नव्हते. डोळे दुखतात म्हणाले. उशाशी चिठ्ठ्यांचा गठ्ठा, त्याला लाल दोरा.

इकडचे तिकडचे झाले. मग म्हणाले, "तम्मा, त्या इहिरीचं मी लई इचार केला. धाकटा दोर सोडत न्हाय. ओढतबी न्हाय. नुसता धरून उभा ऱ्हातोय. थोरल्याला खाली कळतंय की वर कोण तरी हाय, आणि धाकट्याला वर कळतंय की खाली वजन हाय. तीस वर्सांत पयल्यांदा दोघांच्या हातात एकच वस्तू. मी लिवलं असतं तर तितंच थांबलो असतो."

पुस्तकातला शेवट मला ठाऊक होता. तो ओठांवर आला होता. सांगितला असता तर पलंगावरच्या त्या माणसाला दोन गोष्टी एकदम मिळाल्या असत्या. कादंबरी पुरी झाली असती, आणि आपले डोके शाबूत होते हेही कळले असते.

मी तोंड उघडले. अण्णांनी फूटपट्टी थोडी वर केली, ओळ थांबवावी तशी.

"बरोबर का चूक ते सांगू नगंस," ते म्हणाले. "असू दे तसंच."

हे ते सहज म्हणाले की जाणून, याचा निर्णय मी आजपर्यंत देऊ शकलेलो नाही. जाणून म्हणाले असतील तर त्यांनी मला सोडले. सहज म्हणाले असतील तर मी सुटलो. दोन्हींत फरक फार आहे आणि विचारायला आता कोणी नाही. मुलगी चहा घेऊन आली. मी चहा पिऊन, "येतो" म्हणून निघालो. दाराशी वळून पाहिले तेव्हा ते खिडकीकडे तोंड करून फूटपट्टीने चादरीवरची सुरकुती सरळ करीत होते. अकरा दिवसांनी गेले.

कादंबरीचा शेवट मी येथे लिहिणार नाही. ज्यांना तो आधी सांगायचा होता त्यांना सांगितला नाही, तेव्हा इतरांना सांगण्याचा अधिकार मला पोचत नाही. ज्यांना हवा त्यांनी वाचनालयात जाऊन वाचावा. कारण गेल्या सोमवारी मी नोंद शाखेत ती एक ओळ लिहून दिली आहे. सही केली आहे. कारकून बाईंनी पाने काढून देताना फक्त एवढेच विचारले, "एवढ्यासाठी एवढी वर्षं?" 'जोडपत्र सात' अशा हाका सुरू झाल्या आहेत. मी ओ देतो.

सबब, सदर वाचनालयाच्या कार्यकारी मंडळास विनंती की,

सोबत जोडलेली सोळा पाने तपासून घ्यावीत आणि पुस्तकबांधणी जाणणाऱ्या माणसाकडूनच त्यांच्या जागी शिववावीत. कोरी पाने काढावीत, मात्र टंकलेला मजकूर ज्यावर चिकटवला आहे ते पान काढू नये.

श्री. देसाई सरांनी "बघा काय ते" असे म्हटले होते किंवा नाही, याचे उत्तर त्यांनी गुरुवारच्या सभेत, उभे राहून, सर्वांसमक्ष द्यावे. त्यास तीन मिनिटे पुरतात.

काचेच्या चौकटीतील सूचना काढावी. चौकट रिकामी ठेवणे मंडळास योग्य वाटत नसेल तर त्याच आकाराच्या कागदावर माझे नाव लावावे. मजकूर मी लिहून देण्यास तयार आहे आणि या खेपेस 'नासधूस' हा शब्द योग्य माणसापुढे पडेल.

या अर्जाचे उत्तर लेखी मिळावे. ते माझ्या पत्त्यावर न पाठवता फाटकासमोर हौसाक्काच्या गाड्यावर द्यावे. रियाज तिला ते मोठ्याने वाचून दाखवील. निकाल काहीही असो, पहिल्यांदा तिने ऐकावा, अशी नम्र विनंती आहे.

आपला,
महादेव ज्ञानू लोहार
अर्जदार तथा सामनेवाला क्रमांक दोन